उपाशीपोटी

सकाळी सहाला सुदामा नगरातली पहिली दारं उघडतात
ती माझ्यासाठी.
खांद्याला बर्फाची पेटी, खिशात रबरी पट्टा,
दोन गल्ल्या पलीकडे कचरागाडीचं गाणं.
"ताई, दुखेल का?"
मुंगी चावल्यासारखं, मी सांगते.
खोटं नसतं ते,
मुंगी आधी मलाच चावते,
डाव्या कोपराच्या खळगीत,
सुई त्यांच्या कातडीला टेकायच्या जरा अगोदर.

लॅबमध्ये हे कुणाला बोललेले नाही.
बोलले असते तर म्हणाले असते,
बेन, तुम्ही काउंटरवर बसा.

जेल रोडवरच्या पेठकर मास्तरांचा गुडघा
मला तीन जिने उतरेपर्यंत पुरतो.
छत्रीबागेतल्या सुनेला दिवस गेलेत,
तिच्याकडून निघाले की रीगलच्या सिग्नलवर मळमळतं.
दिवा हिरवा होतो, मागून भोंगे,
"अरे चलो ना मॅडम!"
मी आणि माझी नसलेली ओकारी
स्कूटी कडेला घेऊन उभ्या राहतो.
खजराण्यात नफीसा आपांची साखर
माझ्या जिभेवर वाळू पसरते.
त्या पाणी देतात, मी दोन पेले पिते,
त्यांना वाटतं उन्हानं.

दुखणं वाटून घेतलं की निम्मं होतं म्हणतात.
होत नाही.
मास्तरांना विचारून पाहिलंय, काही कमी वाटतं का?
म्हणाले, कशानं वाटेल?
दुखणं वाटून घेतलं की दोन होतात,
एवढंच.

घरी नवरा कढईत जिरं टाकता टाकता विचारतो,
"आज कोण?"
"छत्रीबाग."
मग तो फोडणीचा धूर खिडकीकडे हाकलतो
आणि मला लिंबू कापून देतो,
ओळखदेख नसलेल्या त्या सुनेसाठी.

फाल्गुनात एक नवीन आलं.
उजव्या बरगडीखाली, रात्रीचं, मागे पाठीत शिरणारं,
कुणी आतून चिमटा घेऊन
सोडायचं विसरल्यासारखं.
मी मालक शोधायला लागले.
वहीत दारं लिहिली, एकेक खोडत गेले.
पट्टा आवळताना विचारायची,
इथं दुखतं का हो? इथं, बरगडीखाली?
नाही. नाही. "नहीं बेटा, वहाँ तो ठीक है."
मास्तर म्हणाले,
"अगं, तेवढं एकच नाहीये माझ्याकडे."
लोखंडे पुलाजवळचे एक शेठजी हो म्हणाले
तेव्हा मला कोण आनंद झाला,
पण त्यांचं डाव्या बाजूला निघालं.
चैत्र गेला, वैशाख गेला.
कुणाचं तरी बेवारस दुखणं मी सांभाळत होते
रेल्वेत सापडलेल्या पिशवीसारखं,
न उघडता.

एका रात्री अडीच वाजता
फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते,
तो शेजारी येऊन बसला.
बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
"आणि तुझंच असलं तर?"

हसू नका. हे मला सुचलंच नव्हतं.

सोनोग्राफीत खडे दिसले, अकरा.
ऑपरेशनच्या आधीचं रक्त द्यायला
आमच्याच लॅबच्या बाकावर बसले.
नवा पोरगा, धारकडचा, मिशी अजून न ठरलेली.
पट्टा त्यानं उलटा बांधला. मी बोलले नाही.
त्याची बोटं गार होती,
त्याला काही होत होतं की नाही मला कळेना,
आणि पहिल्यांदाच मी शोधायला गेले नाही.
सुई आत गेली.
मुंगी एकदाच चावली.

"दुखा क्या, मॅडम?"
"हो," म्हटलं. मराठीतच.
तो ओशाळला, मग कापूस दाबून धरला
गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ.

नळीवरच्या चिठ्ठीवर त्यानं लिहिलं होतं
विना.
मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं,
वेलांटी दीर्घ केली, न चा ण केला,
पुढे आडनाव, वय, बेचाळीस.
कुणाचं आहे
ते नीट लिहिलेलं बरं असतं.